तक्रार पत्र : टेल रोटरची लिंक न उघडताच केलेल्या दोन सह्या

जुहू, मुंबई
दिनांक : २१ एप्रिल २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
हेलिकॉप्टर देखभाल व सुटे भाग पुरवठा

विषय : टेल रोटर पिच चेंज लिंकची तपासणी न करताच केल्याची नोंद, आणि बदली म्हणून त्याच सदोष मालिकेतील लिंक पाठवल्याबद्दल तक्रार

महोदय,

स.न.वि.वि.

आमच्या कंपनीचे एक इंजिनाचे हेलिकॉप्टर गेली सहा वर्षे देखभालीसाठी तुमच्या हँगरात येते. एवढ्या काळात बिलावरून, उशिरावरून कुरबुरी झाल्या, त्या फोनवर बोलून मिटल्या. लेखी तक्रार करण्याची ही पहिलीच वेळ. या वेळी प्रश्न पैशांचा किंवा दिवसांचा नाही. जे काम झाले नाही त्यावर तुमच्या दोन अधिकृत माणसांच्या सह्या आहेत, आणि त्या सह्यांच्या भरवशावर आम्ही ४१ तास माणसे घेऊन उडलो.

झाले ते क्रमाने सांगतो. फेब्रुवारीत उत्पादकाचे सर्व्हिस बुलेटिन आले. ठरावीक अनुक्रमांकांच्या पिच चेंज लिंकमध्ये रॉड एंडचे, म्हणजे दांड्याच्या टोकाचे, बेअरिंग नीट बसलेले नाही, वापरात ते सैल होऊ शकते, असे त्यात होते. पाठोपाठ एडी, म्हणजे नियामकाचा सक्तीचा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, निघाली. ऐच्छिक असे काही उरले नाही. आमच्या दोन्ही लिंक यादीत होत्या. प्रत्येक लिंक पात्यापासून सोडवायची, दोन्ही टोकांच्या बेअरिंगची ढिलाई डायल गेजने मोजायची, रॉड एंडची डाय पेनिट्रंट तपासणी (रंगद्रव्य लावून बारीक तडे शोधण्याची) करायची आणि मर्यादेबाहेर काही आढळले तर लिंक बदलल्याशिवाय उड्डाण नाही, असा हुकूम होता. डाय पेनिट्रंटची मान्यता आमच्याकडे नाही. म्हणून २४ फेब्रुवारीला हेलिकॉप्टर तुमच्याकडे पाठवले. २७ तारखेला ते परत आले. टास्क कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदपत्रावर, दोन्ही लिंकसमोर ‘काढून तपासले, समाधानकारक’ असे लिहिलेले, खाली दोन सह्या, दोन स्टॅम्प आणि सोबत सहा मनुष्यतासांचे बिल.

हे पत्र तुमच्या संचालक मंडळापुढे जावे अशी माझी विनंती आहे. तिथे सगळेच हँगरात वाढलेले असतील असे नाही, म्हणून थोडे सोडवून सांगतो. मुख्य रोटर एका बाजूला फिरतो तसे हेलिकॉप्टरचे धड उलट बाजूला फिरू पाहते. त्याला आवरून धरतो तो टेल रोटर. पायलट पॅडल दाबतो, ती हालचाल शेपटीपर्यंत जाते आणि शेवटी प्रत्येक पात्याला जोडलेली एकेक लिंक त्या पात्याचा कोन बदलते. लिंक दिसायला किरकोळ. वीतभरही लांब नाही, दोन टोकांना दोन बेअरिंग, मध्ये आखूड दांडा. पण तिचे काम करायला दुसरे कोणी नाही. ती निसटली की ते पाते पायलटच्या हातात राहत नाही, आणि एक पाते बिनसले की सगळी शेपटी हादरू लागते. असा भाग ज्याने उघडला त्याच्या कामावर दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे नजर टाकायची आणि मगच सही करायची, हा डुप्लिकेट इन्स्पेक्शनचा नियम म्हणूनच आहे. दुसरी सही ही पहिल्या सहीची नक्कल नव्हे.

शनिवारी, २९ मार्चला संध्याकाळी आमच्या कॅप्टननी टेक लॉगमध्ये नोंद केली : पॅडलमध्ये बारीक थरथर. मला तोंडी म्हणाले, “साहेब, पायाला मुंग्या आल्यासारखं वाटतंय, पण पाय पॅडलवरून काढला की थांबतंय.” दुसऱ्या दिवशी पाडवा. हँगरच्या दारात पोरांनी गुढी उभारली होती आणि दहाचे उड्डाण ठरलेले होते. मी सातलाच शिडी लावून शेपटीशी गेलो. एका हाताने पाते धरले आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत लिंक घेऊन हलवली. पहिली लिंक गप्प. दुसरी बोटाला लागली. कानाला ऐकू येण्याआधी बोटाला कळतो असा तो टक् असतो. या धंद्यात सत्तावीस वर्षे काढल्यावर तो ओळखायला गेज लागत नाही. बेअरिंगच्या कडेला काळपट भुकटी जमली होती. दहाचे उड्डाण मी तिथूनच रद्द केले.

मग नटाकडे पाहिले, आणि खरे सांगतो, दोन मिनिटे शिडीवर तसाच उभा राहिलो.

नट कसून झाला की नट, बोल्ट आणि लिंक यांच्यावर मिळून टॉर्क सीलची एक रेघ ओढतात. नट तसूभर सरकला किंवा कोणी उघडला तर रेघ मोडते. आमच्याकडे या रेघेचा रंग पिवळा आहे, तुमच्याकडे नारिंगी. पहिल्या लिंकच्या नटावर तुमची नारिंगी रेघ होती. दुसऱ्या लिंकवर आमचीच पिवळी, उन्हाने विटलेली, वरून ग्रीस आणि धुळीची पुटे बसलेली, आणि अखंड. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी टॉर्क तपासला तेव्हा माझ्या सहकाऱ्याने ती ओढली होती. नट फिरू नये म्हणून घातलेली कॉटर पिनही त्याचीच. पिनचे पाय वळवण्याची त्याची स्वतःची एक धाटणी आहे, ती मी कुठेही ओळखीन. म्हणजे फेब्रुवारीत तो नट कोणी उघडलाच नव्हता. नट न उघडता लिंक सुटत नाही, लिंक न सोडवता बुलेटिनप्रमाणे ढिलाई मोजता येत नाही, आणि डाय पेनिट्रंटचा तर प्रश्नच येत नाही. नटाला हात लावण्याआधी आम्ही सगळ्या बाजूंनी फोटो काढले, तारीख आणि मोजपट्टी चौकटीत येईल असे. ते सोबत जोडले आहेत.

त्या दिवशी आम्ही मोजलेली ढिलाई ०.२३ मिमी भरली, मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. तुमच्या टास्क कार्डवर चारही बेअरिंगसमोर ०.०८ मिमी लिहिले आहे. चारही ठिकाणी तोच आकडा, शंभराव्या भागापर्यंत. ज्याने आयुष्यात एकदा तरी डायल गेज हातात धरला आहे त्याला विचारा, वापरातली चार बेअरिंग इतकी सारखी कधी येतात का.

टेल रोटर मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात लिंकवरचा भार एकदा इकडे, एकदा तिकडे होतो. ४१ तासांचा हिशेब केला तर त्या सैल बेअरिंगने किमान ४९ लाख हेलकावे खाल्ले. त्याच तासांमध्ये मार्चच्या मध्यावर आम्ही एका वृद्ध जोडप्याला शिर्डीला नेऊन आणले. दोघेही पहिल्यांदाच हेलिकॉप्टरमध्ये बसले होते. परतल्यावर आजींनी उतरताना माझा हात धरला, प्रसादाची पुडी हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “नीट आणलंत रे बाळांनो.” पाडव्यापासून मला ते वाक्य आठवले की झोप येत नाही.

भाग लहान आहे म्हणून गोष्ट लहान, असे कोणी तुमच्याकडे म्हणत असेल तर त्याला इंग्लंडमधल्या लेस्टरची आठवण करून द्यावी. २७ ऑक्टोबर २०१८ ला तिथल्या फुटबॉल मैदानातून उठलेल्या हेलिकॉप्टरच्या टेल रोटर अ‍ॅक्च्युएटरमधले एक बेअरिंग जाम झाले, पॅडलचा आणि टेल रोटरचा संबंध तुटला आणि आतले पाचही जण गेले. पुढच्याच महिन्यात युरोपच्या नियामकाने त्या जातीच्या हेलिकॉप्टरांच्या शेपटीतली ही जोडणी तपासण्याचे तातडीचे आदेश काढले. लांब कशाला जायचे? ८ मार्च २०२३ ला नौदलाचे ध्रुव हेलिकॉप्टर आपल्याच मुंबईच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरवावे लागले. नशिबाने तिघेही वाचले. त्या वर्षीच्या घटनांनंतर ध्रुवचे अ‍ॅल्युमिनियमचे कंट्रोल रॉड काढून पोलादाचे बसवण्याचे काम हाती घ्यावे लागले. यंदा ५ जानेवारीला पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव पडले, तिघे गेले, आणि तपासात स्वॉशप्लेट, म्हणजे पायलटची हालचाल मुख्य रोटरच्या पात्यांपर्यंत नेणारी तबकडी, तुटल्याचे पुढे आले. ही सगळी माणसे आपल्या कामात निष्णात होती. कंट्रोलचा भाग तुटल्यावर पायलटचे कसब फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून तो भाग जमिनीवर असताना पाहायचा असतो, आणि ते पाहण्याचे पैसे आम्ही तुम्हाला देतो.

आता दुसरी गोष्ट, जिने मला पहिलीपेक्षाही जास्त अस्वस्थ केले. ३१ मार्चला आम्ही तुमच्याकडेच नवीन लिंक मागवल्या. हेलिकॉप्टर जमिनीवर आहे हे स्पष्ट लिहूनही त्या ९ एप्रिलला आल्या. खोके नवे, पिशवी सीलबंद, प्रमाणपत्र जागच्या जागी. आमच्या स्टोअरकीपरने रिवाजाप्रमाणे अनुक्रमांक बुलेटिनच्या यादीशी ताडून पाहिला आणि मला हाक मारली. दोनपैकी एक लिंक त्याच यादीतली होती. म्हणजे सदोष लिंक काढून तिच्या जागी सदोष लिंक बसवण्याची सोय तुम्ही करून दिलीत, वर त्याचे बिलही पाठवलेत. ती लिंक आम्ही लाल टॅग लावून क्वारंटाइनमध्ये कुलुपात ठेवली आहे. तुमच्या स्टोअरमध्ये बुलेटिन पोहोचलेच नव्हते का? पोहोचले असेल, तर कपाटातल्या मालाशी ते कोणी ताडून पाहिले? आमचा स्टोअरकीपर पंचवीस वर्षांचा आहे. त्याला हे करायला पाच मिनिटे लागली.

११ एप्रिलला तुमच्या ग्राहक सेवेकडून फोन आला. लिंक ४१ तास उडालेली असल्याने हमी लागू होत नाही, आणि मधल्या काळात जुनीच लिंक ‘निरीक्षणाखाली’ वापरून पाहता येईल, असे मला सांगण्यात आले. ज्यांनी हे सांगितले त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना बहुधा समोर लिहून दिलेले वाचायचे होते. पण एडी जिला उडू देत नाही ती लिंक वापरून पाहा, हे वाक्य तुमच्या कंपनीच्या नावाने कोणाच्याही कानावर पडता कामा नये.

हे प्रकरण आम्ही विमान वाहतुकीच्या नियामकाला, डीजीसीएला, रीतसर कळवले आहे. तुम्हाला ते माझ्याकडूनच कळावे म्हणून इथे लिहितो.

माझ्या मागण्यांत पहिली आमच्यासाठी नाही. टास्क कार्डवरच्या त्याच दोन स्टॅम्पनी फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ज्या ज्या हेलिकॉप्टरांच्या कंट्रोलची कामे पास केली, त्या सर्वांच्या मालकांना आजच्या आज कळवा आणि ती कामे पुन्हा उघडून पाहा. आमची पिवळी रेघ योगायोगाने वेगळ्या रंगाची होती म्हणून आम्हाला कळले. ज्यांचा रंग तुमच्यासारखाच नारिंगी आहे त्यांना कसे कळणार? त्याच दिवशी स्टोअरमधल्या सगळ्या लिंक यादीशी ताडून सदोष माल बाजूला काढा आणि आधीच कोणाला पाठवला असेल तर परत मागवा.

आमच्यापुरते म्हणाल तर यादीबाहेरची एक लिंक तुमच्या खर्चाने, प्रमाणपत्रासह, या आठवड्यात हवी. सहा मनुष्यतासांचे बिल आणि ९ एप्रिलच्या सदोष लिंकचे पैसे परत हवेत. हेलिकॉप्टर बावीस दिवस उभे आहे. रद्द झालेल्या उड्डाणांचा तपशील आमचा लेखा विभाग वेगळा पाठवेल. याखेरीज फेब्रुवारीत तुम्ही वापरलेल्या डायल गेजचे कॅलिब्रेशन आणि डाय पेनिट्रंट तपासणीची नोंद, दोन्हींच्या प्रती द्याव्यात.

आणि एक विनंती, मनापासून. त्या दोन तंत्रज्ञांना काढून टाकून ही फाइल बंद करू नका. २७ फेब्रुवारीला हेलिकॉप्टर न्यायला मी स्वतः आलो होतो. तुमच्या हँगरात त्या दिवशी चार हेलिकॉप्टरे उघडी होती, आणि शेपटीपाशी काम करणारा मुलगा मला म्हणाला की रात्रपाळी करून तो थेट दिवसपाळीला उभा आहे. एक लिंक त्याने खरोखर उघडली होती, नारिंगी रेघ तेच सांगते. दुसरी का राहिली, त्याला कोणी घाई केली, दुसरी सही करणारा त्या वेळी कुठे होता, हे मला लेखी हवे आहे. चूक त्याची असेलच, पण पाळी लावणाऱ्याचे आणि डिलिव्हरीची वेळ ठरवणाऱ्याचे नावही त्या उत्तरात असले पाहिजे.

लेखी उत्तर ३० एप्रिलपर्यंत मिळावे. आम्ही काढलेली लिंक, तो नट आणि ती कॉटर पिन सीलबंद पाकिटात ठेवली आहेत. तुमच्या गुणवत्ता व्यवस्थापकांनी जुहूला यावे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी हँगरात असतो, पाकीट त्यांच्यासमोरच उघडू. लिंक त्यांनी स्वतःच्या चिमटीत धरून हलवून पाहावी.

कळावे.

आपला विश्वासू,
कंटिन्युइंग एअरवर्दिनेस मॅनेजर