उसाच्या हंगामात सायकलस्वारांसाठी रस्त्याची कड मोकळी ठेवण्याचे आवाहन

सर्व नागरिक बंधू-भगिनींना सस्नेह नमस्कार.

दिवाळी सरली की कोल्हापुरात थंडी आणि गळीत हंगाम एकदमच दाराशी येतात. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल याच चार-पाच महिन्यांत ठरते, त्यामुळे उसाने भरलेली ट्रॉली रस्त्याला लागलेली दिसली की या जिल्ह्यातल्या माणसाला मनातून बरेच वाटते. आमच्या मंडळातल्याही कितीतरी घरांचा ऊस कुठल्या ना कुठल्या कारखान्याला जातो, तेव्हा त्या ट्रॉलीबद्दल आमच्या मनात तक्रार नाही. मात्र याच महिन्यांत भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला सायकलवरून जाणाऱ्या माणसाला आपल्या शहराच्या वेशीवरच्या रस्त्यांवर जीव मुठीत धरून जावे लागते, आणि त्याच्यासाठी आपण सर्वांनी मिळून काही करावे, यासाठी हे आवाहन आपल्यापुढे ठेवत आहोत.

आता सायकल चालवतो कोण, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी एकदा पहाटे साडेपाचला गंगावेशीत उभे राहून पाहावे. दुधाच्या धंद्यातली बहुतेक मंडळी मोटारसायकलवर आली हे खरे, तरी वडणगे, आंबेवाडी, चिखली बाजूने शिवाजी पुलावरून सायकलीला किटल्या अडकवून येणारे गवळी अजून आहेत. वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन निघालेली मुले आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतून रात्रपाळी करून परतणारे कामगार आहेत, हॉटेलांतले आचारी आणि वाढपी आहेत, इमारतींचे पहारेकरी आहेत. फुलेवाडीच्या पुढच्या गावांतून सकाळच्या शाळेला येणारी मुले-मुली आहेत. यांपैकी बहुतेकांना सायकल ही हौस म्हणून मिळालेली नाही. दुसरे वाहन परवडत नाही, आणि त्या वेळेला बस मिळत नाही, म्हणून ती आहे.

थंडीच्या दिवसांत या सगळ्यांची जाण्यायेण्याची वेळ अंधारात येते. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास मावळतो. त्यात धुक्याची भर पडते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने झालेली पंचगंगा शहराला वळसा घालून जाते, तिच्या दोन्ही काठांना पाणी दिलेला हिरवा ऊस उभा असतो, आणि निरभ्र रात्री जमीन निवली की जमिनीलगतच्या हवेतला ओलावा तिथेच धुके होऊन बसतो. शहरात चौकात स्वच्छ दिसत असते आणि पुलाच्या उतारावर पोहोचताच समोरचे चार हातही दिसत नाहीत, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. शेतात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवलेले असेल तर त्याचा धूर याच थरात अडकतो आणि डोळे चुरचुरू लागतात.

अशा वेळी साठ किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे सरकते. समोर काही आहे हे दिसणे, ते सायकल आहे हे उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे, एवढ्यात दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच २५ ते ३५ मीटर अंतर संपलेले असते. काळी पँट, राखी स्वेटर आणि मागे काहीच चमकणारे नाही, असा सायकलस्वार धुक्यात तेवढ्या अंतरावरून दिसेलच याची खात्री कोणताही चालक देऊ शकणार नाही, मग तो कितीही सावध असो.

उसाच्या वाहतुकीने यात जी अडचण येते ती आम्ही बारकाईने पाहिली आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, ऊस ट्रॉलीच्या सांगाड्याबाहेर दोन्ही अंगांना आलेला असतो, आणि मागे लोंबणाऱ्या वाड्यांखाली, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली, तांबडा दिवा झाकून जातो. ट्रॅक्टरवर टेप मोठ्याने लावलेला असेल तर सायकलची घंटाच काय, मागच्या ट्रकचा हॉर्नही ऐकू जात नाही. ट्रॉली पंक्चर झाली की चाकाला आणि मागच्या बाजूला मोठे दगड लावून ती रस्त्यातच उभी केली जाते, आणि दुरुस्ती झाल्यावर ट्रॉली निघून जाते, दगड मात्र तिथेच राहतात. पहाटे त्या दगडावर सायकल जाऊन आदळते तेव्हा जबाबदार धरायला तिथे कोणीच नसते.

मात्र आमच्या मते सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित धोका रस्त्याच्या कडेला आहे. मोटारींची चाके रस्त्याचा मधला भाग सतत साफ करत असतात आणि तिथली सगळी घाण कडेला ढकलतात. नेमक्या त्या हातभर कडेनेच सायकल जाते. उसाची कांडकी, पाचट, ट्रॉलीच्या चाकांबरोबर शेतातून आलेल्या काळ्या मातीची ढेकळे, खडी आणि काचा, असे सगळे तिथे साचते. रात्रीच्या दहिवराने ती माती भिजली की तिच्यावर चाक ठरत नाही, आणि कांडके चाकाखाली लोळले की तोल सावरायला वेळच मिळत नाही. दहिवराने रिम ओली झालेली असल्यामुळे पहिल्यांदा दाबलेला ब्रेकही नीट लागत नाही. म्हणून सायकलस्वार कड सोडून आत, वाहनांच्या वाटेत येतो. त्याच्याकडे दिवा असला तरी तो आत येतोच.

गेल्या हंगामात आमच्याच पेठेतला वर्तमानपत्रे टाकणारा एक मुलगा असाच पाचटाचा ढीग चुकवण्यासाठी आत आला आणि शेजारून जाणाऱ्या ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाचा फटका त्याच्या खांद्याला बसला. गळपट्टीचे हाड मोडले, जीव वाचला. सव्वा महिना त्याची लाइन त्याच्या आईने पायी फिरून टाकली. चालकाला आपला ऊस कोणाला लागला हे समजलेदेखील नव्हते, आणि आमचा त्याच्यावर राग नाही. पण तो ढीग तिथे तीन दिवस पडून होता आणि आमच्यापैकी अनेकजण रोज त्याच्या बाजूने गाडी काढून जात होते, ही गोष्ट आम्हाला अजून सलते. या कामाची सुरुवात तिथून झाली.

मंडळाने या हंगामापुरते दोन रस्ते हाती घ्यायचे ठरवले आहे. पहिला रंकाळा टॉवरपासून फुलेवाडीमार्गे बालिंग्याच्या पुलापर्यंतचा आणि दुसरा कसबा बावड्यातून शिये पुलापर्यंतचा. या दोन्ही रस्त्यांवर उसाची वाहतूक आणि सायकली एकाच वेळी असतात. दर रविवारी सकाळी आणि दर बुधवारी दुपारी या रस्त्यांच्या दोन्ही कडा खराट्याने झाडून, दंताळ्याने पाचट ओढून आणि पडलेले दगड उचलून मोकळ्या करायच्या आहेत. अंधारात झाडायला कोणीही उतरणार नाही. पुरेसे उजाडल्यावर, चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून, मागे-पुढे शंकू ठेवून आणि येणाऱ्या वाहनांकडे तोंड करूनच काम होईल. जमलेली वाडी जनावरांना जातील, पाचट बागांना आच्छादन म्हणून देता येईल. ते पेटवले जाणार नाही.

झाडण्यावर आम्ही एवढा भर का देतो, असे काहीजणांनी बैठकीत विचारले. सायकलींसाठी वेगळा, खांब किंवा कठडा लावून राखलेला पट्टा महापालिकेकडे मागावा, अशी त्यांची सूचना होती. मागणी योग्य आहे आणि ती आम्ही करणारही आहोत. परंतु ज्या देशांत असे पट्टे आहेत तिथला हिवाळा एक गोष्ट शिकवतो. डेन्मार्कमधील कोपनहेगनमध्ये किंवा फिनलंडमधील औलूमध्ये बर्फ पडला की सायकलमार्ग मोकळे करणे हे नगरपालिकेचे महत्त्वाचे काम मानले जाते, कारण कठड्याच्या आत मोटारींची चाके जात नाहीत आणि जे पडेल ते तिथेच साचून राहते. रस्ता झाडणारे मोठे यंत्र अरुंद पट्ट्यात शिरत नाही, त्यासाठी लहान यंत्र किंवा माणसाचे हात लागतात. आपल्याकडे बर्फ नाही, पाचट आहे, पण साचण्याची रीत तीच आहे. देखभालीवाचून बांधलेला पट्टा दोन महिन्यांत कचऱ्याची किंवा गाड्या लावण्याची जागा होतो. म्हणून आधी चार महिने कड राखून दाखवावी आणि त्या अनुभवाच्या आधारे महापालिकेकडे एका लहान टप्प्यापुरता प्रायोगिक पट्टा मागावा, असे आम्ही ठरवले आहे. महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांच्या कामाची जागा घेण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्यावरचा भार किती आहे हे आम्ही रोज पाहतो.

दुसरे काम दिसण्याचे आहे. ४०० सायकलींना मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा आणि परावर्तक पट्ट्या विनामूल्य बसवून द्यायच्या आहेत. पट्टी मडगार्डला, दोन्ही चाकांना आणि आवर्जून पॅडलला लावली जाईल, कारण खाली-वर होणारी चमक दिसली की पुढे सायकल आहे हे चालकाला लांबूनच ओळखता येते. किटल्या मागच्या दिव्याला झाकतात, म्हणून गवळ्यांच्या किटल्यांनाही पट्टी लावू. त्याच वेळी ब्रेकचे रबर तपासून झिजलेले बदलले जाईल. पेठेतल्या दोन सायकल दुरुस्तीवाल्यांनी यासाठी मजुरी घेणार नाही असे आपण होऊन सांगितले, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. त्याशिवाय २०० ट्रॉल्यांना मागे उसावर बांधण्यासाठी लाल परावर्तक कापड द्यायचे आहे.

खर्चाचा हिशेब असा आहे. प्रत्येक सायकलीमागे २५० रुपये धरून १,००,००० रुपये, प्रत्येक ट्रॉलीच्या कापडाला १५० रुपये धरून ३०,००० रुपये, आणि खराटे, फावडी, घमेली, जाकिटे व शंकू यांसाठी २०,००० रुपये, असे एकूण १,५०,००० रुपये लागतील. यंदाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून शिल्लक राहिलेले ४०,००० रुपये मंडळाने यासाठी वेगळे काढले आहेत. उरलेल्या १,१०,००० रुपयांसाठी आपल्यापुढे हात पसरत आहोत. एका सायकलीचे २५० रुपये दिले तरी एक माणूस उजेडात येतो, हे लक्षात घ्यावे. देणगी मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी ७ ते ९ या वेळेत स्वीकारली जाईल आणि प्रत्येक रुपयाची पावती मिळेल. या देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. दर महिन्याचा जमाखर्च कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लिहिला जाईल. पैशांऐवजी खराटे, दिवे किंवा जुनी पण चालू स्थितीतली सायकल दिली तरी तितकाच आनंद होईल.

पैशांइतकीच माणसांची गरज आहे. एका कडेला दहाजण धरले तर दोन रस्त्यांना एका वेळी चाळीस माणसे लागतात, आणि आज आमच्याकडे जेमतेम पंधरा आहेत. तालमींतल्या तरुणांनी, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी आणि सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांनीही महिन्यातला एक रविवार द्यावा, अशी विनंती आहे. ज्येष्ठांना वाकण्याचे काम देणार नाही. वाहनांना हात दाखवून सावध करणारा माणूस प्रत्येक टोकाला हवाच असतो.

शेतकरी बांधवांना विनंती आहे की, ट्रॉली शेतातून रस्त्याला लागण्याआधी चाकांची माती पहारीने काढून टाकावी. पाच मिनिटांचे काम आहे. चालक बंधूंनी दगड लावले तर निघताना ते उचलावेत, मागचा दिवा वाड्यांखाली झाकला जाणार नाही असे पाहावे, धुक्यात डिपरवरच गाडी चालवावी, कारण वर केलेला झोत धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो, आणि टेपचा आवाज कमी ठेवावा. कारखान्यांच्या शेती विभागांनी आणि वाहतूक ठेकेदारांनी गव्हाणीजवळच्या (कारखान्यात ऊस टाकतात त्या जागेजवळच्या) वाहनतळावर आम्हाला कापड बांधण्यासाठी एक दिवस द्यावा.

अपघात दिसला तर कृपया थांबावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार कलम १३४ अ अन्वये सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, त्यामुळे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुढे निघून जाण्याचे कारण उरलेले नाही.

पहिली झाडणी येत्या रविवारी सकाळी साडेसात वाजता रंकाळा टॉवरपासून सुरू होईल. येताना बंद बूट आणि कानटोपी घालून यावे, हातमोजे असल्यास आणावेत. खराटा मंडळ देईल. काम संपल्यावर चहाची सोय केलेली आहे.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य