भीती नेमकी कोणत्या पानावर वाटली? : ग्रंथपाल बाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

‘तुंबाड’ हा चित्रपट २०२४च्या सप्टेंबरात चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तेव्हा मी तो पुण्यात दुसऱ्यांदा पाहिला. आजीला खाऊ घालण्यासाठी मुलगा घरात एकटा उरतो, त्या प्रसंगाला माझा हात आपोआप पिशवीतली पेन्सिल शोधू लागला. चित्रपटाला पानांचे क्रमांक नसतात आणि अंधारात लिहिताही येत नाही. तरीही ‘इथे’ अशी खूण करावी, ही तुम्ही तीस वर्षांपूर्वी लावलेली सवय अजून गेलेली नाही. त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतले. ते पुरे व्हायला फार दिवस लागले, त्याबद्दल क्षमा असावी.

आपल्या तालुक्याच्या वाचनालयात १९९४ साली मी बालविभागाची सभासद होते. पुस्तकांची कपाटे काउंटरच्या आत असत आणि वाचकाने यादीच्या वहीतून क्रमांक शोधून चिठ्ठी द्यायची, अशी पद्धत होती. मी चिठ्ठीवर नारायण धारपांच्या ‘लुचाई’ या भयकादंबरीचा क्रमांक लिहिला. ते पुस्तक मोठ्यांच्या विभागातले होते. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, माझ्याकडे पाहिलेत आणि दोन अटी घातल्यात : पुस्तक दिवसा वाचायचे, आणि परत करताना भीती नेमकी कोणत्या पानावर वाटली ते सांगायचे. पुढे एका पालकाने, मुलींच्या हाती भुताखेतांची पुस्तके देता, अशी तक्रार केली, तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. त्या दिवसापासून माझी पुस्तके तुम्ही स्वतःच्या सभासद क्रमांकावर नोंदवू लागलात. हे मला दोन वर्षांनी, देवघेवीच्या नोंदवहीत तुमच्या नावापुढे माझ्या सगळ्या पुस्तकांची रांग दिसली तेव्हा कळले. त्याचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, कारण काय बोलावे ते सुचले नाही.

पहिल्यांदा तुम्ही विचारलेत तेव्हा मी म्हणाले, ‘सगळेच पुस्तक भीतिदायक आहे.’ तुम्ही पुस्तक माझ्याकडे परत सरकवलेत. दुसऱ्या वाचनात मला ते पान सापडले, आणि लक्षात आले की तिथे प्रत्यक्ष काहीच घडत नव्हते. घडणार आहे हे मला कळले होते आणि पुस्तकातल्या माणसांना कळले नव्हते. तेव्हा तुम्ही मला दोनशे पानी वही आणायला सांगितलीत. एका बाजूला पुस्तकाचे नाव आणि पान, दुसऱ्या बाजूला कारण.

‘लुचाई’मागे अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांची १९७५ची ‘सेलम्स लॉट’ ही इंग्रजी कादंबरी आहे, हे तुम्ही मला सांगितलेत तेव्हा माझा हिरमोड झाला होता. आपला वाटलेला लेखक दुसऱ्याचे घेतो, असे मला वाटले. तुम्ही धारपांची बाजू मांडली नाहीत की माझी समजूत काढली नाहीत. तुम्ही एवढेच म्हणालात की किंग यांनी तरी ते कुठून आणले, ते आधी पाहू. आणि मग पुढचे सबंध वर्ष आपण ‘ड्रॅक्युला’ वाचली. मी दर शनिवारी इंग्रजीतली आठ-दहा पाने अडखळत वाचत असे आणि तुम्ही कार्डांवर क्रमांक घालता घालता शब्दांचे अर्थ सांगत असा.

ब्रॅम स्टोकर यांची ती कादंबरी १८९७ची. ट्रान्सिल्व्हानियात कधीही न गेलेल्या या माणसाने ती रोजनिश्या, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणे यांतून रचली. एका डॉक्टरची रोजनिशी तर फोनोग्राफवर बोलून ठेवलेली आहे. पहिली चार प्रकरणे तिथल्या, रक्त पिणाऱ्या ड्रॅक्युला या उमरावाच्या गढीत जातात आणि त्यानंतर तो स्वतः फार थोडा दिसतो. त्याच्याविषयी इतरांनी लिहिलेले कागद तेवढे आपल्यापुढे येतात आणि ते जुळवण्याचे काम वाचकाच्या अंगावर पडते. माझ्या वहीतली सर्वांत मोठी नोंद, ड्रॅक्युला ज्यातून लपून इंग्लंडला येतो त्या ‘डिमीटर’ जहाजाच्या रोजनिशीवर आहे. खलाशी एकेक करून नाहीसे होत जातात आणि कप्तान मात्र वारा, दिशा, तारीख इतकेच आखडत्या हाताने लिहीत राहतो. अखेर ते जहाज व्हिटबीच्या बंदराला लागते तेव्हा सुकाणूला स्वतःला बांधून घेतलेले त्याचे प्रेत सापडते. एवढ्या एका प्रकरणावर २०२३ साली अख्खा चित्रपट निघाला. मी तो मोठ्या आशेने पाहिला. पण त्यात जहाजावरचे संकट दिसते, आणि दिसते म्हणूनच कप्तानाच्या त्या कोरड्या वाक्यांमधली भीती उरत नाही. कमी लिहिणाऱ्या माणसाच्या हातातून काय निसटले असेल, ही ती भीती होती.

तुमची ‘दिवसा वाच’ ही अट मला अजून आठवते, कारण तिच्यावरूनच आपला सर्वांत रंगलेला वाद झाला. स्टोकर यांचा ड्रॅक्युला लंडनच्या पिकॅडिलीत भर दिवसा हिंडताना दिसतो. उजेडात त्याच्या शक्ती कमी होतात, पण उन्हाने तो मरत नाही. मग पिशाच उन्हात जळून जाते हे मला कुठून ठाऊक होते? त्याचे उत्तर तेव्हा आपल्यापैकी कोणालाच देता आले नाही. ते मला पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळात, १९२२च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटात मिळाले. दिग्दर्शक मुर्नाऊ यांनी स्टोकर यांच्या वारसांची परवानगी न घेता, नावे बदलून तो काढला होता आणि त्यात ड्रॅक्युलाच्या जागी आलेला काउंट ऑर्लॉक सकाळच्या पहिल्या उन्हात विरून जातो. स्टोकर यांच्या पत्नी फ्लोरेन्स न्यायालयात गेल्या आणि १९२५ साली त्या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती वाचल्या. कादंबरीत नसलेला, विनापरवाना चित्रपटाने घातलेला हा नियम पुढे इतका रुजला की नंतरच्या कादंबऱ्यांनी तो मूळचाच समजून घेतला. रूपांतर म्हणजे मुळातले काहीतरी गाळणे, अशी माझी समजूत त्या रात्री कायमची मोडली. त्या रात्री मला तुम्हाला फोन करायचा होता. तुमचा क्रमांक माझ्याकडे नव्हता.

‘सेलम्स लॉट’च्या बाबतीत तर हे चक्र डोळ्यांसमोर पुरे होते. शाळेत ‘ड्रॅक्युला’ शिकवताना, हा उमराव आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, या विचारातून किंग यांना ती कादंबरी सुचली. त्यांचा बार्लो हा पिशाच बोलका आहे, सुसंस्कृत आहे, समोरच्याचे दुबळेपण हेरून त्याच्याशी खेळणारा आहे. टोब हूपर यांनी १९७९ साली त्यावर दूरचित्रवाणी मालिका केली, तेव्हा त्याच बार्लोला त्यांनी मुका केले आणि त्याचा चेहरा थेट ऑर्लॉकच्या वळणावर नेला. माझ्या मते तिथे त्यांनी गमावले, कारण पाद्री कॅलाहन यांच्या श्रद्धेची परीक्षा शब्दांनीच होऊ शकते. क्रूसात बळ आहे की तो धरणाऱ्या हातात, हा त्या प्रसंगाचा प्रश्न आहे, आणि गुरगुरणारा राक्षस तो विचारू शकत नाही. मात्र त्याच मालिकेत मेलेला लहान मुलगा धुक्यातून तरंगत येऊन खिडकीची काच नखांनी खरवडतो, तो प्रसंग मी अजूनही दिवा लावूनच पाहते.

क्रूसावरून तुम्ही मला विचारलेला प्रश्न मी अनेकांना विचारला आहे : कोकणातल्या हिंदू घरातल्या वाचकाला क्रूसाने धीर येत नसेल, तर मराठी लेखकाने त्याच्या हाती काय द्यावे? धारपांनी आपल्या कितीतरी कथांतून दुष्ट शक्तींशी लढणारे ‘समर्थ’ हे पात्र उभे केले, ते या प्रश्नाचे एक उत्तर होते, असे तुमचे म्हणणे. भीती परक्या मुलुखातून आणता येते, आधार मात्र घरचाच लागतो, हे तुमचे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

आता जे लिहायचे आहे, ते लिहिणे मला सोपे नाही.

त्याच वर्षी माझी आजी अंथरुणाला खिळली होती. तिची दृष्टी गेली होती, आणि ती मला तिच्या कधीच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत असे. आई नोकरीवरून येईपर्यंत दुपारचे तीन तास घरात मी आणि ती दोघीच असू. मला तिची भीती वाटे. जिने मला वाढवले तिची भीती वाटते, याची लाज त्या भीतीहून मोठी होती, म्हणून मी शाळा सुटल्यावर घरी जाण्याऐवजी वाचनालयात येऊन बसू लागले. तुम्ही चार दिवस काही विचारले नाहीत. पाचव्या दिवशी विचारलेत, आणि मी रडत सगळे सांगितले. तुम्ही मला घरी जा म्हणाला नाहीत. कपाटातून धारपांचा एक कथासंग्रह काढलात, ‘आजी’ या कथेत कागदाची खूण घातलीत आणि माझ्यासमोर ठेवलात.

घाबरलेल्या मुलीला भयकथा द्यावी, हे दुसऱ्या कोणाला सुचले नसते. पण ती वाचून मला प्रथमच कळले की अशा खोलीत एकटे बसण्याची भीती दुसऱ्या कोणालाही ठाऊक आहे, आणि ती लिहिण्याजोगी, छापण्याजोगी गोष्ट आहे. ‘ज्याने लिहिले तोही अशा खोलीत बसला असेल,’ असे तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी घरी जाऊ लागले. आजीला दिसत नव्हते, म्हणून तिच्या उशाशी बसून तिला रोजचे वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवू लागले. ती पुढे सात महिने होती.

ती कथादेखील किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेवरून आलेली होती, हे नंतर समजले तेव्हा मात्र माझा हिरमोड झाला नाही. किंग यांच्या आईने अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या डरॅम गावी आपल्या वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा केली, आणि किंग लहानपणी त्याच घराच्या आसपास वाढले, असे मी वाचले, तेव्हा तुमचे वाक्य आठवून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

‘ग्रॅमा’मध्ये थोरल्या भावाचा पाय मोडतो, आई दवाखान्यात जाते आणि अकरा वर्षांचा मुलगा आंधळ्या आजीजवळ एकटा राहतो. ‘तुंबाड’मध्ये १९१८चा काळ आहे, धो धो पाऊस आहे, साखळीने जखडलेली आजी आहे; पण तिथेही धाकट्या भावाला अपघात होतो, आई त्याला घेऊन निघते आणि विनायक एकटा राहतो. मेनमधली ती दुपार धारपांच्या मराठीतून दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्या पावसापर्यंत पोहोचली, आणि वाटेत नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून मिळाले. तुमच्या पद्धतीने नोंद करायची तर ती अशी : कथेत भीती आजीची आहे, चित्रपटात ती आजीपाशी सुरू होऊन सोन्याच्या मुद्रेकडे सरकते. मुलगा पळून जाण्याऐवजी खजिन्याचा पत्ता विचारतो, तिथे मला खरी भीती वाटली. आजी त्यानंतर भीतिदायक राहत नाही, तिची कीव येते. माझ्या आयुष्यात हा बदल सात महिन्यांत झाला होता.

मी गेली अठरा वर्षे ध्वनिसंकलनाचे काम करते. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९च्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’वरून रॉबर्ट वाइज यांनी १९६३ साली केलेला कृष्णधवल चित्रपट मी विद्यार्थ्यांना नेहमी ऐकायला लावते. त्यात भूत एकदाही दिसत नाही. भिंतीपलीकडचे धपके जवळ येतात, लाकडी दार आतल्या बाजूला फुगते, आणि नायिका एलेनॉरला कळते की अंधारात आपण ज्याचा हात धरला होता तो मैत्रिणीचा नव्हता. १९९९ साली याच कादंबरीवर पुन्हा चित्रपट निघाला, संगणकाच्या साहाय्याने सर्व काही दाखवले गेले, आणि पेन्सिल उचलण्याजोगा क्षण मला त्यात एकही सापडला नाही. किंग यांच्या ‘द शायनिंग’वर मात्र माझी वही दोन्ही बाजूंनी भरलेली आहे. १९७७च्या कादंबरीत हॉटेल बाष्पकाच्या स्फोटात जळते आणि बाप शेवटच्या क्षणी मुलाला पळ म्हणतो. कुब्रिक यांच्या १९८०च्या चित्रपटात बाप बर्फात गोठून मरतो आणि त्याच्यातला माणूस शेवटपर्यंत परतत नाही. किंग यांना तो चित्रपट रुचला नाही. १९९७ साली त्यांनी स्वतः पटकथा लिहून मालिका करवली. मी कुब्रिक यांचा चित्रपट श्रेष्ठ मानते आणि तरीही किंग यांचा राग मला समजतो, कारण दारूशी झुंजणारा तो बाप त्यांनी आतून लिहिला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात, हे मी तुमच्याच काउंटरवर शिकले.

बाई, येत्या मे महिन्यात मी गावी येत आहे. सोबत वही आहे, आणि बारा वर्षांची भाची आहे. तिला ‘लुचाई’ वाचायची आहे. मी वाचनालयाची वर्गणी भरून माझा सभासद क्रमांक पुन्हा सुरू करून घेतला आहे; पुस्तक त्याच क्रमांकावर नोंदवीन. ती ते परत करायला येईल त्या दिवशी तुम्ही वाचनालयात यावे आणि पानाचा प्रश्न तिला तुम्हीच विचारावा, एवढी विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
बालविभागाची एक जुनी सभासद