चार्जर धरून किंमत सांगा

मा. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

स. न.

इलेक्ट्रिक गाड्या लवकरच पेट्रोल गाड्यांच्या किमतीत मिळतील, असं तुम्ही भाषणांतून वारंवार सांगता. कोणती किंमत धरून सांगता, एवढंच विचारायचंय. जाहिरातीतली, की गाडी दारात उभी राहीपर्यंत खिशातून जाते ती?

महिंद्राची ‘बीई ६’ ही इलेक्ट्रिक गाडी नोव्हेंबर २०२४ मध्ये आली ती १८ लाख ९० हजारांपासून. त्यात चार्जर नव्हता. ७.२ किलोवॉटचा हवा तर आणखी ५० हजार, ११.२ चा हवा तर ७५ हजार. कंपनीने हे लपवलं नाही, ते मान्य. पण लोकांच्या तोंडी पहिलाच आकडा बसतो. एमजी विंडसर तर ९ लाख ९९ हजारांना जाहीर झाली, बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळं. बॅटरीसह हीच गाडी तेव्हा साडेतेरा लाखांपासून होती!

सनरूफ, अलॉय व्हील ही हौस झाली, ज्याला परवडेल त्याने करावी. घरचा चार्जर हौसेत कसा मोडतो? साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर जेमतेम ३ किलोवॉट मिळतात. बीई ६ ची ५९ युनिटांची बॅटरी रिकामी असली तर भरायला वीसेक तास. शिवाय मीटरपासून पार्किंगपर्यंतची केबल, अर्थिंग, महावितरणकडून वाढीव लोड आणि सोसायटीची एनओसी (तिची किंमत रुपयांत मोजत नाहीत).

२०२३ मध्ये काही इलेक्ट्रिक स्कूटर कंपन्या चार्जरचे पैसे वेगळे घेत होत्या, कारण फेम या केंद्राच्या योजनेतून इलेक्ट्रिक गाड्यांना मिळणाऱ्या अनुदानासाठी गाडीची किंमत दीड लाखाच्या आत दाखवायची होती. अवजड उद्योग मंत्रालयाने ते पकडलं आणि ग्राहकांना पैसे परत मिळाले. म्हणजे चार्जर हा गाडीचाच भाग, हे सरकारने एकदा मान्य केलंय. फक्त तेव्हा झळ अनुदानाला बसत होती, आता बसते ती आम्हाला.

घरचा चार्जर आणि तो बसवण्याचा खर्च धरूनच किंमत छापायला लावा. ज्याच्याकडे आधीच चार्जर आहे, त्याला तेवढी रक्कम वजा करून मिळावी. बॅटरी भाड्याची असेल, तर बॅटरीसहची किंमतही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवी. किंमत थोडीथोडी करून उघड करणं ग्राहक व्यवहार खात्याच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत आधीच अनुचित ठरवलंय. मोटारींच्या जाहिराती त्या चाळणीतून काढायला त्या खात्याच्या मंत्र्यांना तुम्हीच सांगू शकता.

आपला,
एक ग्राहक, नाशिक