राऊटर बंद करू नका, बाबा

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पोळ्याचा जुना व्हिडिओ टीव्हीवर कसा लावायचा, हे फोनवर पाऊण तास बोलूनही जमलं नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. मागच्या रविवारी मी इकडून "फुली दाबा, फुली" म्हणून ओरडत होते, तिकडून बाबा "दाबली ना!" म्हणत होते आणि मधूनच आई, "मले तं काईच दिसत नाई वं." तुमचे जावई बाहेरच्या खोलीतून विचारायला आले, कोणाला एवढ्या फुल्या मारायला लावतेयस म्हणून.

फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी आईचा पुन्हा फोन आला, हळू आवाजात. "अवं, त्या डब्याचं बटन तं तुह्या बाबानं चार दिस झाले बंद करून ठिवलं. नेट जळते म्हंते."

बाबा, आईवर चिडू नका. तिनं सांगितलं नसतं तर मी अजून फुल्याच मोजत बसले असते. आणि खरं सांगते, तुमचा हिशेब ऐकून मी चाटच पडले. पोळ्याच्या कॅसेटची फाइल आठ जीबीची, तुमच्या मोबाईलचा पॅक रोजचा दीड जीबीचा, म्हणजे एकदा पोळा पाहिला की पाच दिवसांचं नेट खल्लास. हिशेबात एका पैशाची चूक नाही. फक्त त्या डब्याला, म्हणजे राऊटरला, नेटची वायर मी लावलेलीच नाही. तो बाहेर कुठंच जोडलेला नाही. त्याच्या मागं दोनच वायरी आहेत, एक माजघरातल्या कॉम्प्युटरकडे जाते, दुसरी समोरच्या खोलीतल्या दादाच्या गेमच्या डब्याकडे. पोळा कॉम्प्युटरमधून निघतो, राऊटरमधून गेमच्या डब्यात जातो आणि तिथून टीव्हीवर दिसतो. सगळं घरातल्या घरात. आपल्या विहिरीचं पाणी आपल्याच पाइपातून आपल्याच वावरात सोडलं तर कालव्याची पाणीपट्टी कोण मागेल? दिवसातून चारदा पोळा पाहा, मोबाईलच्या पॅकला खरचटणारसुद्धा नाही.

दुसरी गोष्टही आईनंच सांगितली. राऊटर चालू असला की तुमचं व्हॉट्सॲप बंद पडतं, म्हणून तुमचा संशय पक्का झाला. ही चूक माझी. राऊटरची वायफाय मी चालूच सोडून आले, आणि बहुतेक शेजारच्या पोरानं तुमचा फोन त्याला जोडून दिला. फोनला वाटतं आता वायफाय मिळाली, त्यातूनच बाहेर जाऊ. पण त्या वायफायला बाहेर जायची वाटच नाही. मग मेसेज जातील कुठून? त्याच पोराला सांगा, फोनमध्ये वायफायच्या यादीत जाऊन आपल्या राऊटरचं नाव काढून टाक, इंग्रजीत 'फर्गेट' लिहिलेलं असतं. पुढच्या खेपेला आले की मी राऊटरची वायफायच बंद करीन, दोन्हीकडे वायर असताना तिची गरजच नाही.

आता आई विचारेल, एवढा खटाटोप कायले? पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की झालं. ते मी आधी करून पाहिलं होतं गं. आपला टीव्ही पेनड्राइव्हमधले फोटो दाखवतो, गाणी वाजवतो, व्हिडिओ म्हटलं की मान फिरवतो. मग पेनड्राइव्ह दादाच्या डब्याला लावला. त्याचा हा प्लेस्टेशन ३. जगात तो 2006 च्या शेवटी आला, दादानं इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मित्राकडून जुना घेतला आणि नोकरी लागल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोठ्यावरच्या माळ्यात टाकून दिला. कुटाराच्या धुळीत इतकी वर्षं राहूनही तो चालू झाला याचं मला अजून नवल वाटतं. तर हा डबा जुन्या पद्धतीनं, फॅट-३२ नावाच्या पद्धतीनं आखलेलाच पेनड्राइव्ह वाचतो, आणि त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी बसत नाही. पोळा आठ जीबीचा. कापून दोन तुकडे करता आले असते, पण मला ते नको होतं. बाबा नेमके पोळ्यातलं झडतीचं गाणं म्हणताना तुकडा तुटला असता तर तुम्ही मला वर्षभर ऐकवलं असतं.

म्हणून फाइल कॉम्प्युटरमध्येच ठेवली आणि तिथून टीव्हीपर्यंत वाट काढली. दादाचा डबा फक्त गेमचा नाही, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. 2003 साली सोनी, इंटेल अशा कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलं होतं की घरातली यंत्रं एकमेकांशी एकाच भाषेत बोलतील. त्या भाषेचं नाव डीएलएनए. ती संस्था 2017 मध्ये गुंडाळली गेली, पण भाषा राहिली, आणि दादाच्या डब्याला ती येते. कॉम्प्युटरवर मी युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर नावाचा फुकटचा प्रोग्रॅम टाकलाय, त्यालाही ती येते. कॉम्प्युटर सुरू झाला की हा प्रोग्रॅम राऊटरवरून घरभर दवंडी देतो, माझ्याकडे व्हिडिओ आहेत हो, कोणाला हवे असतील त्यानं यावं. गेमचा डबा ती ऐकतो आणि आपल्या यादीत कॉम्प्युटरचं नाव लिहून घेतो. आता बाबा, राऊटरच बंद असला तर दवंडी कोण ऐकणार? कोतवालाला घरात कोंडून गाव का जमत नाही म्हणून विचारण्यासारखं झालं ते.

दवंडी ऐकू न येण्याचा घोळ माझ्याकडूनही झाला होता, दिवाळीत. आठवतं, मी रात्री एकपर्यंत माजघरात बसले होते आणि आई दोनदा चहा ठेवून गेली? कॉम्प्युटरला नवं नेटवर्क दिसलं की तो विचारतो, हे घरातलं की बाहेरचं. मी घाईत 'पब्लिक' दाबलं होतं. मग तो एसटी स्टँडवर बसल्यासारखा तोंड मिटून, पिशवी मांडीवर धरून. त्याला 'प्रायव्हेट' सांगितल्याबरोबर पाच मिनिटांत पोळा टीव्हीवर. दोन कप चहा फुकट गेला.

आणि वायर लागलीच ती भिंतीमुळं. दादाच्या डब्यात वायफाय आहे, पण जुनी. कागदावर ती सेकंदाला 54 मेगाबिटची, हातात पडते त्याच्या निम्मीसुद्धा नाही, आणि आपल्या मधल्या मातीच्या दीड हात भिंतीतून जाताना तिचा जीवच जातो. पोळ्याला सेकंदाला सहा मेगाबिट लागतात, तेवढेही पोचेनात. बैल एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा. बाबा म्हणाले, "भारी अडेल बैल हाय." मग दादानं आड्याच्या कडेनं वायर नेली. कवेलूवर वानरं नाचतात म्हणून छपराच्या आतून. उंदरांचं मात्र तुम्ही बघा. कोपऱ्यात कुटाराचं पोतं ठेवलंत ना, ते तिथून हलवा. एक दिवस अचानक काहीच दिसेनासं झालं आणि राऊटरवरचे वायरीचे दोन दिवे लागलेले नसले, तर आधी वायर कुरतडलीय का तेवढं पाहा.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की पोळा पुढं पळवता येतो, पण सप्त्यातलं भजन पळवायला गेलं की अडकून बसतं, असं का. पोळ्याची फाइल त्या डब्याला सरळ समजते, तो ती जशीच्या तशी घेतो, पाहिजे तिथून मागतो. भजनाचं शूटिंग दादाच्या मेहुण्यानं केलं आणि एमकेव्ही नावाच्या पोत्यात भरून दिलं. त्या पोत्याचं तोंड या डब्याला सोडता येत नाही. म्हणून कॉम्प्युटर मध्ये बसून दळण दळतो, पीठ पडत जातं तसतसं डबा ते घेत जातो. अजून दळायचंच आहे ते पीठ तुम्ही मागितलं, तर गिरणीवाला काय देणार? भजन आहे तसं बसून ऐका. मी आले की ते एकदाच दळून एमपी-फोर करून ठेवते, मग तेही पळेल. तसं पाहिलं तर भजन पळवायचं कशाला हा आईचा प्रश्न मला बरोबर वाटतो. तिथं खंजिरी तुम्हीच वाजवताय, म्हणून मला कळेना की तुम्हाला पळवायचं काय आहे. नंतर शेवटची पंगत दिसली आणि कळलं.

आता करायचं काय ते. हा भाग आईनं टीव्हीशेजारच्या कॅलेंडरला टाचून ठेवावा.

लाइट आली की आधी राऊटर. त्याचे दिवे लागले की कॉम्प्युटर. तो लाइट आल्यावर आपोआप सुरू होईल असं करून ठेवलंय, बटण दाबू नका, दाबलं तर उलट बंद पडेल. दोन-तीन मिनिटं थांबा, चहा होतो तेवढ्यात. मग टीव्ही, मग गेमच्या डब्याच्या रिमोटवरचं मधलं गोल बटण, म्हणजे तो डबा सुरू. पडद्यावर खुणांची आडवी रांग येते. फिल्मच्या पट्टीची खूण मध्ये येईपर्यंत डावी-उजवी कळ दाबा. त्याखाली कॉम्प्युटरचं नाव येईल. फुली म्हणजे आत जा, गोळा म्हणजे मागं या. बाकी त्रिकोण आणि चौकोन विसरून जा. आत फोल्डरांना मी आकडेच दिलेत, आईला इंग्रजी अक्षरांची कटकट नको म्हणून. 1 म्हणजे पोळा, 2 म्हणजे सप्ता, 3 म्हणजे माझं लग्न, 4 म्हणजे दादाचं. मध्येच थांबवायचं असलं तर स्टार्ट लिहिलेली बारीक कळ, पुन्हा तीच दाबली की चालू.

नाव आलंच नाही तर एवढंच करायचं, सगळं बंद करून वरच्या क्रमानं पुन्हा. गेमच्या डब्याला कोणी इंटरनेटची तपासणी करायला लावली तर तो शेवटी 'फेल्ड' म्हणेल. म्हणू द्या. इंटरनेट नाहीच आपल्याकडे, तो खोटं बोलत नाही. रिमोटचा दिवा लुकलुकून विझला तर त्याला त्याच्या वायरीनं चार्ज करा. ती वायर बाबांच्या मोबाईलची नाही, तिचं तोंड वेगळं आहे. जोर लावून घुसवायची नाही, हे मी बाबांना नाही, दादाच्या चिंटूला उद्देशून लिहितेय. दुपारी लाइट जाऊन-येऊन असते तेव्हा लावूच नका, कॉम्प्युटरचा यूपीएस जेमतेम दहा मिनिटं धरतो.

एक कबुली राहिली. कॅसेट पुण्यातल्या एका दुकानात उतरवून घेतली. तीन तासांची ती कॅसेट, सुरुवातीला बुरशी होती. पहिल्या वीस मिनिटांत मावशीच्या लग्नाची पंगत आहे आणि पडद्यावर पावसासारख्या रेघा आहेत. दुकानदार म्हणाला, एवढा भाग कापून टाकू का. मी नको म्हणाले. रेघांतूनही आजी वाढताना दिसते, तिचा तो लुगड्याचा ओचा खोचलेला. आवाज नाही त्या भागात, तेवढं सांभाळून घ्या.

पोळा त्यानंतर सुरू होतो. तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या आहेत, हरण्या आणि चांद्या डावीकडून तिसरे. दोघंही गौळाऊ, पण उन्हात हरण्या जास्त पांढरा दिसतो. शिंगांना बेगड, अंगावर आईनं शिवलेली झूल, जुन्या पडद्याची, ती फुलं मी लगेच ओळखली. मग बाबांची झडती येते. "एक नमन गौरा पारबती" म्हणताना आवाज इतका चढलाय की मला दचकायला झालं, तेव्हा तुमच्या मिशा काळ्या होत्या. लोक "हर हर महादेव" म्हणतात, तोरण तुटतं, पोळा फुटतो, आणि कॅमेरावाला घाबरून मागं पळतो. बराच वेळ नुसतं आभाळ आणि लोकांचे पाय.

त्यानंतर घरची पूजा आहे. आई बैलांचे पाय धुते, बाबा बोजारा देतात. तिथं कोठ्याच्या दारात एक माणूस उभा आहे, डोक्याला लाल दुपट्टा, हातात कासरा. मी तो भाग चारदा पाहिला, ओळखू येत नाही. दादा म्हणतो आपला सालदार, पण तो तर त्या वर्षी आपल्याकडे नव्हता असं मला वाटतं. घड्याळात एक तास बारा मिनिटं झाली की स्टार्ट दाबून थांबवा आणि बाबा, मला फोन करून सांगा तो कोण ते.

आईच्या गुडघ्याचं तेल कुरिअरनं वेगळं पाठवलंय.

तुमची,
धाकटी