दहावीच्या दिवसांत तरी डीजे आवरा

मा. संपादक, स. न.

मी यंदा दहावीत आहे. सराव परीक्षेत भूमितीत ४० पैकी ३१ पडले, तेव्हा आईने शिरा केला. दुसऱ्याच दिवशी विज्ञान भाग २ चा पेपर हाती आला: १९. बाकावर डोकं टेकून रडले. मैत्रिणीने काही न बोलता निम्मा डबा माझ्यापुढे सरकवला. हे चालायचंच. पण शेजारच्या मंगल कार्यालयातला डीजे रात्री अकरा वाजले तरी थांबत नाही. खिडकीची काच थरथरते, पाठ झालेलं सुभाषित अर्ध्यावरच अडतं. घरात दुसरी खोली नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला नियमानेच बंदी आहे. आमची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत तरी तो नियम पाळावा, ही कळकळीची विनंती.

– दहावीची एक विद्यार्थिनी, सांगली