धाकट्याच्या कॅनडातील शिक्षणाविषयी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबांचे पत्र मिळाले. धाकट्याला इथे शिकायला पाठवण्यासाठी राहते घर तारण ठेवून कर्ज काढायचे तुमच्या मनात आहे, हे वाचल्यापासून मला स्वस्थता नाही. मोठीची पदवी भारतातील असल्यामुळे तिला त्रास झाला, धाकट्याने तिकडचीच पदवी घेतली की तो प्रश्न उरणार नाही, असे बाबांनी लिहिले आहे. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या सत्यावर घर गहाण पडू नये, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

इथे येण्याआधी मी माझ्या गुणपत्रिका मूल्यांकनासाठी पाठवल्या होत्या, हे तुम्हाला आठवत असेल. कुशल कामगारांच्या योजनेतून येणाऱ्याला परदेशी पदवीचे गुण हवे असतील, तर २०१३ पासून हे मूल्यांकन बंधनकारक आहे. माझी अभियांत्रिकीची पदवी इथल्या चार वर्षांच्या पदवीशी समकक्ष असल्याचे त्यात स्पष्ट लिहून आले आणि आपण सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. तो कागद सरकारने मानला, पण नोकरी देणाऱ्यांपैकी एकानेही तो कधी मागितला नाही. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी माझ्या अर्जावरील विद्यापीठाच्या नावापाशी पेन टेकवले, त्या क्षणभर थांबल्या आणि मग पेन खाली अनुभवाच्या रकान्याकडे नेले. तिथे पुलांच्या आराखड्यांचे सहा वर्षांचे काम नोंदवलेले होते. त्यांनी अतिशय सौजन्याने विचारले, "आणि कॅनडातील अनुभव?"

आज एक गोष्ट कबूल करते. पहिले अकरा महिने मी ऑफिसात काम करते असे तुम्हाला सांगत होते, ते खरे नव्हते. मी एका गोदामात खोक्यांवरचे बारकोड स्कॅन करत होते. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून लपवले, पण त्यामुळेच तुमचा समज अपुरा राहिला, याची आता खंत वाटते. त्यानंतर एका लहान फर्ममध्ये नकाशे तपासण्याचे चार महिन्यांचे हंगामी काम मिळाले आणि ते अर्जात सर्वांत वर लिहिल्यावर मुलाखतीची बोलावणी येऊ लागली. पदवीची ओळ होती तशीच होती.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी टोरंटो परिसरातील नोकऱ्यांसाठी हजारो बनावट अर्ज पाठवून कोणत्या अर्जाला बोलावणे येते हे मोजले आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. इंग्रजी नाव, इथले शिक्षण आणि इथला अनुभव असलेल्या अर्जांपैकी सुमारे १६ टक्क्यांना बोलावणे आले, तर भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नाव आणि परदेशातील शिक्षण-अनुभव असलेल्यांपैकी केवळ ५ टक्क्यांना. परदेशी पदवी तशीच ठेवून अनुभव तेवढा कॅनडातील दाखवला, की हे प्रमाण ११ टक्क्यांवर गेले. चार ते सहा वर्षांचा इथला अनुभव असलेल्या अर्जांत पदवी कुठली आहे याने काही फरक पडला नाही. उरलेले अंतर नावाचे होते, कारण शिक्षण आणि अनुभव दोन्ही इथले असूनही आपल्यासारख्या नावांना ११ टक्केच बोलावणी आली. ते अंतर कोणतीही पदवी भरून काढत नाही. माझे नाव तुम्ही ठेवले आहे आणि इथल्या लोकांच्या सोयीसाठी मी ते तोडून लहान केलेले नाही, करणारही नाही.

तरीही बाबांचे म्हणणे अर्धे खरे का, तेही सांगते. २०२१ च्या जनगणनेनुसार परदेशातील पदवी घेऊन काम करणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक फार तर शालेय शिक्षण पुरेल अशा नोकऱ्यांत होते. इथे शिकलेल्यांच्या तुलनेत हे प्रमाण दुप्पट आहे. परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोक इथे डॉक्टर म्हणून काम करतात. परवाना लागणाऱ्या व्यवसायांत परीक्षा आणि प्रशिक्षणाच्या जागा आड येतात, त्यामुळे तिथे शिक्षण कुठे झाले याला खरेच वजन आहे. अभियंत्यांच्या बाबतीत ओंटारिओ प्रांतात परवान्यासाठी एक वर्षाचा कॅनडातील अनुभव लागत असे, ती अट मे २०२३ मध्ये काढली गेली. हे फार आधी व्हायला हवे होते.

माझ्या मते इथल्या शिक्षणाचे खरे मोल पदवीच्या कागदापेक्षा, ते शिकत असताना मिळणाऱ्या पहिल्या कामात असते. काही अभ्यासक्रमांत को-ऑप म्हणून आपल्याच विषयातील पगारी काम अंतर्भूत असते, तिथे ओळखी होतात आणि आपल्या कामाविषयी खात्री देणारा माणूस मिळतो. धाकट्याला एजंटने सुचवलेल्या व्यवसाय व्यवस्थापनाच्या कॉलेज डिप्लोमात यातील काहीही नाही. यंत्र अभियंता म्हणून त्याने केलेली चार वर्षांची नोकरी त्यामुळे बाजूला पडेल आणि तो पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहील. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून पदवीव्यतिरिक्तच्या बहुतेक कॉलेज अभ्यासक्रमांसाठी, शिक्षणानंतर मिळणारा काम करण्याचा परवाना विषयावर अवलंबून आहे. एजंटने ही गोष्ट तुमच्या कानावर घातली आहे का? नसेल, तर का नाही, हे त्याला विचारावे.

त्याला यायचेच असेल तर त्याने आपल्याच शाखेत, को-ऑप असलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करावा. निम्मा खर्च मी उचलेन. त्याचा अर्ज आणि कामाच्या अनुभवाची पत्रे मला या आठवड्यात पाठवायला सांगा, मी ती इथल्या माझ्या वरिष्ठांना दाखवते. तोपर्यंत बँकेच्या कागदांवर आईने किंवा बाबांनी सही करू नये, ही हात जोडून विनंती.

तुमची,
मोठी