प्रार्थनेआधी नाव विचारणाऱ्या ताईंना जाहीर पत्र

आदरणीय ताई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

चर्चमध्ये उपासना सुरू व्हायच्या आधी तुम्ही दाराशी कागद घेऊन उभ्या असता. कुणासाठी प्रार्थना हवी ते लिहून घेता, पण नुसतं नाव लिहून थांबत नाही. "नाव मोठ्याने घेऊ ना? पूर्ण घेऊ की घरचं? आजार सांगू, की नुसतं 'आजारी आहेत' म्हणू?" 'सांगू नका' असं उत्तर आलं की नावापुढे छोटीशी फुली पडते, आणि तो आजार पुढे कधीच तुमच्या तोंडून बाहेर पडत नाही. हे पत्र मुख्यतः त्या तीन प्रश्नांसाठी आहे.

कारण तुमच्याआधी जे चालायचं ते आठवलं की अजून राग येतो. दुःखाच्या घरी एकाने छापील प्रार्थना वाचली ती 'आमचा हा भाऊ' म्हणत, आणि गेलेली होती बाई. भाऊ की बहीण ते पाहून बदल करा, अशी सूचना त्याच पानावर तिरप्या टायपात होती, तीही वाचायचे कष्ट घेतले नाहीत. दुसऱ्याने पुस्तक बाजूला सारून 'आत्म्याने' प्रार्थना केली आणि बाईंचं दुखणं, मुलांची भांडणं, दवाखान्याचं बिल, सगळं डोळे मिटून चारचौघांत मांडलं. वर पुन्हा दोघांनी एकमेकांना नावं ठेवली. एकाच्या मते मनची प्रार्थना बेशिस्त, दुसऱ्याच्या मते छापील प्रार्थना मेलेली. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ती माणसं राहिली बाजूला.

वाद जुनाच आहे म्हणा. अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या 'डिडाखे' या लिखाणात प्रभुभोजनाच्या उपकारस्तुतीचे शब्द ठरवून दिलेत, आणि लगेच पुढे म्हटलंय की संदेष्ट्यांना हवी तितकी उपकारस्तुती करू द्या. इ.स. १५५च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की उपासना चालवणारा आपल्या कुवतीप्रमाणे प्रार्थना करतो आणि लोक आमेन म्हणतात. दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. पुढे इंग्लंडात ते बिनसलं. १५४९ला आर्चबिशप क्रॅन्मरचं छापील प्रार्थनेचं पुस्तक आलं, १६४५ला पार्लमेंटने ते काढून प्रार्थनेत कोणते विषय घ्यायचे एवढंच सांगणारी नियमावली दिली, १६६२ला पुस्तक पुन्हा सक्तीचं झालं. १६६० ते १६६२ या काळात सुमारे २००० पाळकांना जागा सोडाव्या लागल्या. आजही भांडणारे बहुतेक तिथलेच मुद्दे उगाळतात.

तुम्ही या भांडणात पडलाच नाहीत. पौलाचा एक प्रश्न तेवढा पुढे ठेवलात (१ करिंथ १४:१६): ऐकणाऱ्याला आमेन म्हणता येईल का? पाळक नसलेल्या आम्हा साध्या माणसांना मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायची, प्रार्थना चालवायला शिकवलंत तेही याच कसोटीवर.

कलेक्ट म्हणजे चार-पाच ओळींची आटोपशीर प्रार्थना, ती तुम्ही सुटी करून दाखवलीत. देवाला हाक, त्याच्या एका गुणाची किंवा कृतीची आठवण, एकच मागणी, ती कशासाठी, आणि शेवट. चुकतं ते आठवणीच्या ठिकाणी. 'आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवा' कुठेही चालतं म्हणून सगळीकडे लावलं जातं, आणि मागणीशी त्याचा काही धागा राहत नाही. तापाने पडलेल्या बाईसाठी तुमची ओळ अशी होती: "प्रभू येशू, तू पेत्राच्या सासूचा हात धरून तिला उठवलंस. आज हिचाही हात धर, म्हणजे ती उठून आपल्या माणसांत पुन्हा वावरेल." आठवणीत हात आहे, मागणीतही तोच हात आहे. आणि हाक थेट येशूला असेल तर 'ख्रिस्ताच्या द्वारे' हा शेवट बसत नाही. तिथे 'तू पित्याबरोबर व पवित्र आत्म्याबरोबर युगानुयुग राज्य करतोस' असं काही हवं. हे कुणी सांगितलंच नव्हतं. हा सांगाडा अंगवळणी पडला की पुस्तक मिटलं तरी प्रार्थना भरकटत नाही.

उत्स्फूर्त प्रार्थनेची दुखणी वेगळी. सुरुवात 'हे पित्या' अशी, आणि तिसऱ्या वाक्यात 'तू आमच्यासाठी वधस्तंभावर मेलास', जणू पुत्र नव्हे, पिताच मेला. 'प्रभू, तुला ठाऊकच आहे' असं म्हटलं की पुढची गोष्ट हमखास देवासाठी नसते, तिसऱ्या बाकावरच्या कुणासाठी तरी असते! दर श्वासाला 'प्रभू, प्रभू' येतं, कारण पुढचं वाक्य सुचेपर्यंत वेळ काढायचा असतो. यावर तुमचा उपाय साधा. कागदावर वाक्यं लिहायची नाहीत, फक्त कुणासाठी ते चार शब्दांत, आणि प्रतिसादाची ओळ मात्र पूर्ण. "प्रभू, तुझ्या दयेने" म्हटलं की लोक "आमची प्रार्थना ऐक" म्हणणार. ही ओळ दर वेळी तीच हवी. एकदा जरी 'हे दयाळू प्रभू' असं केलं, तर अर्धे लोक बोलतात आणि अर्धे गप्प राहतात.

शांततेचं मापही तुमच्याकडूनच घेतलं. पापांगीकाराआधी थांबायचं म्हणजे किती? तर मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणून होईपर्यंत, साधारण अर्धा मिनिट. पुढे उभ्या असलेल्याला ते फार लांब वाटतं आणि तो घाईने सुरू करतो. बाकावर बसलेल्याला मात्र आपलं पाप आठवायला तेवढा वेळ लागतोच.

छापील शब्दांना मेलेले म्हणणाऱ्यांनी एकदा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशेजारी बसावं. पोटची मुलं ओळखू न येणारी माणसंसुद्धा पुष्कळदा "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ऐकल्यावर ओठ हलवतात. आणि पुस्तकाबाहेर शब्द नकोच म्हणणाऱ्यांनी गेथशेमाने, म्हणजे येशूने अटकेआधी प्रार्थना केली ती जागा, आठवावी. तिथे येशूने आपलंच दुःख आपल्याच शब्दांत मांडलं, आणि मत्तय सांगतो की तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली. वधस्तंभावर मात्र त्याच्या तोंडी बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राची तयार ओळ आली.

तरी ताई, पुन्हा त्या कागदावर येतो. छापील मध्यस्थीत नावासाठी एक रिकामी जागा असते. तिथे कुणी घाईत 'सर्व आजारी लोक' म्हणून उरकतं, कुणी आख्खी केस-फाइल ओततं. त्या जागेत किती आणि काय जाईल हे ज्याचं दुःख आहे त्याने ठरवायचं, एवढी माणुसकी तुम्ही दाखवलीत. त्यासाठी ना पदवी लागते ना अभिषेक. विचारण्याएवढी अदब लागते, आणि ती मोठमोठ्या व्यासपीठांवर फारशी दिसत नाही.

तुमचे मनापासून आभार. एक मागणी तेवढी आहे. कलेक्टच्या पाच भागांचा तुमचा तक्ता संडे स्कूलच्या मुलांसाठी मोठ्या अक्षरांत करून द्या. शेवटाची ओळ आधीच छापलेली ठेवा, बाकीच्या चार जागा रिकाम्या सोडा.

तुमच्या वर्गातला एक